कॅरॅव्हॅनचं खचलेलं छत घरीच उचलायचं असेल तर

आमची कॅरॅव्हॅन म्हणजे टेम्पोच्या चेसीवर बांधलेली जुनी, लाकडी सांगाड्याची, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा मारलेली गाडी. लांबी १४ फूट, रुंदी साडेसहा. आषाढीच्या वारीत ही गाडी दिंडीच्या मागे असते. पाय सुजलेल्या म्हाताऱ्या, औषधांचा डबा आणि भांड्यांची पोती तिच्यात. उरलेले अकरा महिने ती अमळनेरला आमच्या अंगणात उभी असते, आणि तिथेच तिची वाट लागली.

उन्हाळ्यात घरातल्या बायांना बिबडे (ज्वारीचे पापड) वाळवायला तापलेली, कुत्र्या-मांजरांपासून लांबची जागा हवी असते. गाडीचा टप त्यांना पसंत पडला. दोन उन्हाळे त्यावर बिबडे, कुरडया, पापड वाळले आणि ते उलटायला माणसंही चढली. त्यात मी सोलर पॅनेल बसवलं. तिसऱ्या पावसाळ्यात आतून वर बघितलं तर छताला झोळ पडलेला. मी दोन फळ्या ठोकून टेकू दिला आणि विसरलो. पुढच्या वर्षी वारीत, ऐन पावसात, एका आजींच्या अंगावर प्लायचा तुकडा पडला. लागलं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर आमच्या सुतारदादांनी छताला बोट लावलं आणि म्हणाले, "भाऊ, छत नही पडनं, आठे पानी मुरनं." म्हणजे झोळ हा आजार नव्हे. पाणी आधी शिरतं, लाकूड मऊ होतं, मग वजनाने वाकतं. पाण्याची वाट न शोधता छत नुसतं वर ढकललं तर दोन वर्षांत तुम्ही पुन्हा तिथेच असाल. मी एकदा तसंच केलं होतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

खानदेशात या कामाला योग्य काळ म्हणजे आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यापासून मृग लागेपर्यंत. ऊन जीव घेतं, पण लाकूड असं वाळवून देणारी भट्टी पैसे देऊनही मिळत नाही. काम सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर. दुपारी पत्र्याला हातही लावता येत नाही.

आधी कागद

फार कागद लागत नाहीत, पण हे जवळ ठेवा:

- गाडीचं आरसी आणि विम्याची पॉलिसी. छत जसं होतं तसंच दुरुस्त करणं ही दुरुस्ती आहे. पण उंची वाढवली, टपावर एसी बसवला किंवा बॉडीचा आकार बदलला, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली तो वाहनातला बदल ठरू शकतो. असं काही डोक्यात असेल तर हात लावण्याआधी आपल्या आरटीओत विचारून या. जळगाव एमएच-१९, धुळे एमएच-१८, नंदुरबार एमएच-३९. गाडी जिथे नोंदलेली, तिथेच.
- लाकडाचं पक्कं बिल. सागवान सॉ-मिलमधूनच घ्या आणि बिल गाडीत ठेवा. नवापूर-तळोद्याकडून "स्वस्तात देतो" म्हणणारे भेटतात. बिल नसलेल्या सागासाठी नाक्यावर अडवलं तर स्वस्त साग फार महाग पडतो.
- काम सुरू करण्याआधीचे फोटो. विम्यासाठी उपयोगी पडतील न पडतील, पण कोणती वायर कुठून गेली होती हे तुम्हाला आठवणार नाही, तेव्हा हेच फोटो कामाला येतात.

लागणारं सामान

हत्यारं: पाणसळ, गवंड्याची लेव्हल पाइप, सुती दोरी, टेप, टोच्या, पटाशी, रंधा, ड्रिल, पॉप रिव्हेटची गन, सीलंटची गन, प्लॅस्टिकची खरवडपट्टी, दोन स्क्रू जॅक, आठ-दहा लाकडी पाचरी, घोडा किंवा मजबूत शिडी.

माल: २ इंच बाय १ इंच सागाच्या पट्ट्या, ४ मिमी मरीन प्लाय, २५ मिमी एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा कडक फोम), ब्युटाईल टेप (सांध्यात दाबायची चिकट रबरी पट्टी), पॉलियुरेथेन (पीयू) सीलंट, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, टपावर मारायचा पांढरा उष्णतारोधक रंग.

प्लाय घेताना शिक्का वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन. आयएस ३०३ मध्ये एमआर ग्रेडही येतो. तो दमट हवेपुरता असतो, पाण्यात टिकत नाही. दुकानदार "वॉटरप्रूफच आहे" म्हणून एमआर गळ्यात मारतात. माझ्या गाडीत आधी तेच होतं. थर सुटून त्याची पानं झाली होती, एखाद्या जुन्या वहीसारखी.

आणि हिशेब करताना चूक करू नका. १४ बाय साडेसहा म्हणजे ९१ चौरस फूट. आठ बाय चारची शीट ३२ चौरस फुटांची, म्हणून मी ऐटीत तीन शीट आणल्या. पण शीट आडवी लावली की एका शीटने गाडीची चारच फूट लांबी झाकली जाते. १४ फुटांना चार शीट लागतात. चौथ्या शीटसाठी धुळ्याची एक फेरी जास्तीची झाली.

१. झोळ मोजा

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा आणि पाणसळीने जमीन तपासा. मग आत, छताच्या दोन्ही कडांपासून बरोबर ५० मिमी खाली खिळे मारून आडवी दोरी ताणा. मध्यभागी दोरी ते छत अंतर मोजा. माझ्याकडे ते १२ मिमी भरलं, म्हणजे झोळ ३८ मिमीचा. असं दर दोन फुटांवर मोजून कागदावर लिहा. सगळ्यात जास्त झोळ असतो त्याच्या आसपास पाणी शिरत असतं, पण बरोबर तिथेच नाही. पाणी प्लायच्या पाठीवरून वाहत जाऊन भलतीकडेच टपकतं.

दोरी काढू नका. उचलताना तीच मोजपट्टी.

याच वेळी छतावर मूठ दाबून बघा. प्लाय खालीवर होतं पण त्याच्या मागे कडक काही लागतं, तर फक्त आतलं प्लाय सुटलं आहे. तुमचं नशीब चांगलं, काम दोन दिवसांचं. मुठीसोबत सगळंच दबत असेल तर छत पेलणाऱ्या आडव्या लाकडी पट्ट्या गेल्या.

२. टप हलका करा आणि वीज तोडा

टपावरचं सगळं उतरवा. ३३० वॅटचं एक पॅनेल वीस किलोच्या आसपास असतं, त्यात लोखंडी फ्रेम, कॅरियर, कोणी कूलर ठेवलेला असेल तर तो. वर चढताना पाय थेट पत्र्यावर देऊ नका. कडेपासून कडेपर्यंत जाड फळी टाका आणि तिच्यावर बसून काम करा.

सोलर असेल तर क्रम पाळा. आधी पॅनेलच्या वायर कंट्रोलरपासून (पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला डबा) सोडवा, मग बॅटरीच्या. उलटं केलं तर कंट्रोलर जळू शकतो. आणि पॅनेलला स्विच नसतो, उजेड पडला की त्यात वीज आहेच. वायर सोडवण्याआधी त्यावर जाड गोधडी टाका. गॅसची टाकी गाडीबाहेर काढा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

३. पाण्याची वाट शोधा

या पायरीवर घाई करणारे पुढे रडतात.

एक माणूस आत बॅटरी घेऊन, एक बाहेर नळी घेऊन. नळीला तोटी लावू नका, जोराचा फवारा नको. फवाऱ्याने चांगल्या सांध्यातूनही पाणी आत जातं आणि चोर भलताच सापडतो. पाणी संथ सोडायचं आणि खालून वर जायचं: आधी खिडक्यांची वरची कड, मग टप आणि भिंतीचा कोपरा, मग टपावरचे सांधे, शेवटी झरोका आणि पॅनेलचे पाय. एका जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

आमच्याकडे दोन जागा सापडल्या. झरोक्याची चौकट, आणि मी स्वतः बसवलेल्या सोलर पॅनेलचे पाय. चारही पाय नुसत्या पत्र्यात स्क्रू मारून बसवले होते, खाली पट्टीच नव्हती. गाडी हलली की पाय हलायचे, भोक मोठं व्हायचं. वर भरपूर सिलिकॉन थापलेलं, म्हणून मी निश्चिंत होतो.

सापडलेली प्रत्येक जागा खडूने गोल करून ठेवा. दोन सापडल्या म्हणून थांबू नका, पूर्ण फेरी करा.

४. आतलं प्लाय उतरवा, लाकूड टोचून बघा

पूर्ण बाह्या, चष्मा, मास्क. जुन्या गाड्यांत छतात काचेची लोकर असते. ती अंगाला लागली की दोन दिवस खाज जात नाही, मे महिन्याच्या घामात तर विचारू नका. ओली झालेली लोकर फेकून द्या, वाळवून परत घालू नका.

प्लाय निघालं की प्रत्येक पट्टी टोच्याने टोचा. चांगल्या लाकडात टोच्या मिलिमीटरभर जाऊन थांबतो, कुजलेल्यात लोण्यासारखा शिरतो. पट्टीची टोकं, म्हणजे भिंतीवर टेकतात ती जागा, नीट तपासा.

आमच्या सहा पट्ट्यांपैकी तीन कुजलेल्या निघाल्या. बाकी तीन धड होत्या, पण तिथेच खरा शोध लागला. बांधणाऱ्याने पट्ट्या निजवून लावल्या होत्या. दोन बाय एकची पट्टी आडवी निजवली तर तिची जाडी एकच इंच उरते, उभी लावली तर दोन इंच. लाकडाचा ताठपणा रुंदीच्या पटीत वाढतो, पण उंचीच्या घनाच्या पटीत. त्यामुळे तीच पट्टी, तेवढंच लाकूड, फक्त उभी केली की चौपट ताठ. आमच्या टपाला पाणी लागलं नसतं तरी बिबड्यांच्या चौथ्या उन्हाळ्यात तो वाकलाच असता.

एक लक्ष्मणरेषा सांगून ठेवतो. पट्ट्या ज्याच्यावर टेकतात ती भिंतीची वरची लांब तुळई कुजली असेल, किंवा खालच्या चेसीला तडा असेल, तर काम थांबवा आणि बॉडी बांधणाऱ्याकडे न्या. ते अंगणातलं काम नाही.

५. वाळू द्या

दारं-खिडक्या सताड उघड्या. आमच्याकडे चार दिवस पुरले. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर आकडा १५ टक्क्यांखाली यायला हवा. नसेल तर लाकडावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून थांबा.

६. टेकू लावून उचला, पण सावकाश

सेंटरिंगवाल्याकडचे लोखंडी जॅक भाड्याने आणायला जाऊ नका. ते स्लॅबसाठी असतात, सहा फुटी गाडीत उभेच राहत नाहीत. मी चोपड्याच्या मेहुण्याकडून केळीला टेकवायचे बांबू आणले. बांबू घ्यायचा तर दोन्ही टोकं पेराच्या गाठीजवळ कापा आणि टोकाला बारीक तार आवळा, नाहीतर दाबाने उभा चिरतो.

छताच्या मध्यावरून लांबीच्या दिशेने एक जाड फळी पट्ट्यांना लावा, तिच्याखाली टेकू, टेकूखाली स्क्रू जॅक. बॉटल जॅक वापरू नका, तो रात्रीतून हळूच बसतो आणि सकाळी तुम्हाला वाटतं छतच परत आलं.

इथली मोठी फसगत म्हणजे टेकूचं पाऊल. गाडीची जमीनही प्लायचीच आहे. जॅक तिच्या मध्ये ठेवला की छत वर जाण्याऐवजी जमीन खाली जाते. गाडीखाली शिरून चेसीचे आडवे चॅनेल कुठे आहेत ते बघा, आत त्याच रेषेवर जाड फळी टाका आणि जॅक तिच्यावर ठेवा.

दिवसाला ४ ते ५ मिमी, त्याहून जास्त नाही. अॅल्युमिनियमचा पत्रा झोळाला सरावलेला असतो. एकदम वर नेला तर कडेचे रिव्हेट टपाटप उडतात आणि सांधा उसवतो. रोज सकाळी पत्रा गार असताना जॅकला थोडा फिरवा, दोरीपासून मोजा, लिहा, बाहेर येऊन चहा घ्या. आमचे ३८ मिमी जायला नऊ दिवस लागले. शेजारी रोज विचारायचे, "काय भाऊ, आज किती वाढली गाडी?"

७. नव्या पट्ट्या, मधून फुगवटा देऊन

टप सपाट असेल तर पाणी साचतं आणि साचलेलं पाणी वाट शोधतंच. म्हणून नव्या पट्टीला वरून कमान द्या. मध्यभागी पूर्ण दोन इंच, दोन्ही टोकांना सव्वा इंच, वरची कड रंध्याने गोलाईत आणायची. खालची कड सरळच. साडेसहा फुटांत १८-१९ मिमीचा फुगवटा मिळतो, पाणी दोन्ही बाजूंना पळतं. आतली उंची जेमतेम सहा-सात मिमी कमी होते.

जुन्या सहाही पट्ट्या मी बदलल्या, आणि दर दोनच्या मध्ये, शिवाय पुढच्या आणि मागच्या भिंतीच्या बाजूलाही एकेक नवी घातली. आता १३ पट्ट्या, फुटाफुटावर. वजन वीस-बावीस किलोच्या घरात, तेही सगळ्या लांबीवर वाटलेलं.

एका वेळी एकच जुनी पट्टी काढा, तिच्या जागी नवी बसवा, मग पुढची. कमानीमुळे पट्टी सहज जात नाही, एक टोक बसवून दुसरं लाकडी हातोडीने ठोकत न्यावं लागतं. टोकांना सागाचा गुटका देऊन स्क्रू. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये पीयूची रेघ. साधा पांढरा फेविकॉल इथे नको, पाणी लागलं की तो सुटतो.

पॅनेलचे पाय कुठे येणार ते आत्ताच आखा. ते पट्टीवरच आले पाहिजेत.

८. भरण आणि आतलं छत

पट्ट्यांच्या मध्ये एक्सपीएस कापून बसवा. थर्माकोल चालतो असं सांगणारे भेटतील, पण त्यावर किंवा एक्सपीएसवर पिवळं रबरी अॅडेसिव्ह लावू नका. त्यातलं सॉल्व्हंट दोन्ही विरघळवतं. मी एका तुकड्यावर करून पाहिलं, साखर पाण्यात जावी तसा तो गेला. नुसता घट्ट कापून बसवला तरी पुरतो.

प्लाय लावण्याआधी चारही कडांना वॉर्निशचे दोन हात. कडेतूनच पाणी शोषलं जातं. दोन माणसं, आणि टी आकाराचे दोन दांडे शीट वर धरायला. स्क्रू मधून सुरू करून कडांकडे. वायरी बाहेर काढायची भोकं आधी पाडून ठेवा. हे विसरलात तर जे वाटेल ते मी अनुभवलं आहे.

९. वरचे सांधे

जुनं सिलिकॉन पूर्ण काढा. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सिलिकॉनचा पापुद्रा उरला तर त्यावर दुसरं काहीही चिकटत नाही. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन अॅल्युमिनियमला खातं.

झरोक्याच्या चौकटीखाली ब्युटाईल टेप, मग स्क्रू समोरासमोर थोडे थोडे आवळत जा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात टेप मऊ होऊन बाहेर येतो, तेव्हा पुन्हा आवळा आणि आलेला टेप कापून टाका. कडेने पीयूची रेघ.

पीयूच का? १४ फुटांचा अॅल्युमिनियमचा पत्रा ४० अंशांनी तापला की जवळपास ४ मिमी वाढतो. पहाटे थंड, दुपारी तवा, रात्री पुन्हा थंड. खालचं लाकूड मात्र तेवढं हलत नाही. मधला सांधा रोज ताणला जातो, त्याला रबरासारखंच काही हवं. पीयू हवेतल्या ओलाव्याने सुकतं, आणि आपल्या मे महिन्यात ओलावा असतोच कुठे? त्यामुळे नळीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त दिवस द्या. मी शेजारी ओली गोणपाटं टांगली होती.

कोणी डांबर सुचवेल. दर गल्लीत एक तरी सुचवतोच. डांबर उन्हात पाघळतं, टप काळा करून गाडीची भट्टी करतं आणि पुढच्या वेळी काही दुरुस्त करू देत नाही.

पांढरा रंग सगळ्यात शेवटी, दोन हात, एक लांबीने आणि एक रुंदीने. तो उष्णता परतवतो. गळती त्याच्या भरवशावर सोडू नका.

१०. परीक्षा

तिसऱ्या पायरीतली नळी पुन्हा आणा, तोच क्रम, तेवढीच मिनिटं. कोरडं राहिलं की टेकू काढा, तेही दिवसाला थोडे थोडे सैल करत. शेवटचा टेकू निघाल्यावर दोरीपासून पुन्हा मोजा आणि तो आकडा आत कपाटाच्या दाराला लिहून ठेवा. आमच्याकडे २ मिमी बसलं आणि तिथेच थांबलं.

खर्च विचाराल तर मजुरी सोडून एकवीस-बावीस हजार, धुळ्याच्या जास्तीच्या फेरीचं डिझेल धरून. वेळ साडेतीन आठवडे. त्यात नऊ दिवस नुसतं जॅक फिरवण्याचे.

त्या वर्षी गाडी मृगाच्या दोन दिवस आधी पूर्ण झाली. बिबडे वाळवायला आता अंगणात बाज टाकली आहे, आणि टपावर चढायची शिडी मी कुलूप लावून ठेवतो. किल्ली आईकडे आहे, म्हणजे त्या कुलपाचा कितपत उपयोग होईल ते पुढच्या आखाजीला कळेल.